तोंड झाकलेलं होतं

माझा मुलगा जन्मला तेव्हा आम्हाला रहाटणीत राहायला येऊन तीनच महिने झाले होते. बिल्डिंगमध्ये कुणाशी धड ओळखसुद्धा नव्हती. बारशाच्या आदल्या दिवशी बेल वाजली. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ उभे. पांढरा शर्ट, पायजमा, डोक्याला टोपी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"बाळासाठी हाय," ते म्हणाले. "दोनदा गरम पाण्यातनं काढलंय. तसंच अंगाखाली घातलं तरी चालंल."

आत यायला तयार नव्हते. मी कागद सोडला. आत बाळाची गोधडी होती. जुन्या लुगड्याचं मऊ कापड, हातानं घातलेले बारीक टाके, आणि एका कोपऱ्यात तपकिरी कापडाची छोटीशी शेळी, काळ्या दोऱ्याच्या डोळ्यांची. मला वाटलं, घरातल्या कुणा बाईनं शिवली असणार.

"काकूंना सांगा, फार सुंदर झालीय."

ते ओशाळून हसले. "मीच शिवतो," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

हे चिमाजीकाका. चाकणजवळच्या एका गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. चार भावांत जमीन वाटली गेली तेव्हा हे एकोणिसाव्या वर्षी भोसरीला आले आणि रिक्षाच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात लागले. पुढं चाकणला गाड्यांच्या सीट बनवणारी कंपनी आली, तिथं शिलाईच्या लाइनवर बावीस वर्षं काढली. दिवसभर मोठ्या मशीनवर जाड कव्हरं शिवायची, शिफ्ट संपली की बसनं घरी यायचं, चहा प्यायचा आणि खिडकीपाशी सुईदोरा घेऊन बसायचं. घरात मशीन नव्हतंच. मशीनचा टाका कडक बसतो, बाळाला टोचतो, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवात त्यांच्या मुलीपासून झाली होती. रोहिणी जन्मली तेव्हा कौशल्याकाकू महिनाभर तापानं अंथरुणाला खिळून होत्या. काकांची आई आधीच गेलेली, गावाकडून यायला कुणी नाही. मग यांनीच आईचं एक लुगडं फाडलं आणि चार संध्याकाळी बसून पोरीची पहिली गोधडी शिवली. टाके वाकडेतिकडे पडले. पण लेक तिच्यावर झोपली, आणि ते बघत बसणं त्यांना इतकं आवडलं की हात पुन्हा थांबला नाही. लाइनवरच्या कुणाला मूल झालं, वॉचमनला नात झाली, किराणावाल्याच्या सुनेला जुळं झालं, की बाराव्या दिवशी काका वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोधडी घेऊन हजर. कोपऱ्यातलं चित्र प्रत्येकाचं वेगळं. बाळाला एकदा बघून यायचं आणि मग ठरवायचं. माझ्या मुलात त्यांना शेळी का दिसली, ते मी कधी विचारलं नाही.

कंपनीतले लोक चिडवायचे. काका म्हणायचे, "गाडीच्या सीटवर कोण बसणार, ते मला कधी कळत न्हाई. हे कुणाच्या अंगाखाली जाणार, ते ठाऊक असतंय." कुणी विकत मागितली तर मात्र नाराज व्हायचे. "इकाय लागलो की घाई व्हईल," म्हणायचे.

एक नियम काकूंचा होता. पोटातल्या लेकराचं आधी शिवायचं नाही. बाळ जन्मल्याचं कळलं की मगच कापडाला कात्री लावायची. इतकी वर्षं काकांनी तो मोडला नव्हता. मोडला तो रोहिणीसाठी.

रोहिणी तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये कामाला होती. नवरा दिग्विजय हिंजवडीत, बिऱ्हाड मारुंजीला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यातली तीन डॉक्टरांच्या दारात गेली. शेवटी दिवस राहिले, पाचवा महिना सुखरूप पार पडला, आणि काकांना राहवेना. नुकतेच रिटायर झालेले, दिवस मोकळा. आईची जपून ठेवलेली दोन लुगडी त्यांनी बाहेर काढली.

काकू चिडल्या. "आजवर कुणाचं आधी शिवलंत?"

"आपल्या पोरीचं हाय," काका म्हणाले. "बारा दिवसांत उरकायचं काम न्हाई हे."

तीन महिने ते त्या एकाच गोधडीवर बसले होते. मी जाता-येता बघायचे. बोटाच्या पेराएवढे चौकोन जोडलेले, टाके इतके जवळ की बोट फिरवलं तर कापडाला नांगरटीसारख्या रेघा लागायच्या. फक्त कोपरा मोकळा ठेवला होता. "बाळ बघितल्यावर ठरवू," ते म्हणाले.

आठव्या महिन्यात रोहिणी माहेरी आली. दुपारी शाळेत शिकवून परत येताना मला ती गॅलरीत पाय लांब करून बसलेली दिसायची. नववा लागून थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी काकू धावत वर आल्या. "योगिनी, गाडी काढतीस का? रोहिणी म्हणती, पहाटेपासनं बाळ हललं न्हाई."

मी गाडी काढली. रोहिणी दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती आणि सिग्नलला गाडी थांबली की डोळे मिटून घेत होती.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी मशीनचा पडदा आपल्याकडे वळवून घेतला तेव्हाच मला कळलं. नाळेला गाठ बसली होती. कुणाची चूक नाही, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पण बाळंतपण तर व्हायलाच हवं होतं. कळा येण्याचं औषध सुरू केलं. ते सगळं रोहिणीनं सोसलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिला मुलगी झाली. खोलीतून काहीच आवाज आला नाही.

थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली. दिग्विजय भिंतीला टेकून खाली बसला होता, म्हणून तिनं काकांनाच विचारलं. "बाळ आईला दाखवायचंय का? ती गुंगीत आहे. थांबा म्हणते, थोड्या वेळानं बघते म्हणते."

काका लगेच म्हणाले, "न्हाई. नका दाखवू. पोरगी कोसळंल."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मीही होकारार्थी मान हलवली. हे मला लिहायलाच हवं. त्या निर्णयात मीही होते. आम्हाला सगळ्यांना तेव्हा तेच शहाणपणाचं वाटलं.

काकांनी मला घरी पाठवून गोधडी आणायला लावली. मी आणली. ती घेऊन ते सिस्टरबरोबर बाजूच्या खोलीत गेले. दिग्विजय दारापर्यंत गेला, आत त्याला जाववलं नाही, दाराकडे पाठ करून उभा राहिला. काका आत बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा गोधडी पूर्ण गुंडाळलेली होती, सुईच्या टोकाएवढीही फट नव्हती. नदीकाठच्या स्मशानभूमीत लहान मुलांसाठी राखलेला एक कोपरा आहे. दुपारी तीनच्या आत ते दोघं तिला तिथं ठेवून आले.

चारच्या सुमारास रोहिणी पूर्ण शुद्धीवर आली. उशीला टेकून बसली, केस मागं सारले आणि म्हणाली, "आता आणा तिला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. रोहिणी आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत गेली आणि मग तिला काही सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काकूंनी छातीला फडकं घट्ट बांधलं, तरी दोन दिवस तिचे कपडे भिजत होते. चौथ्या दिवशी घरी तिनं वडिलांना विचारलं. हे मला काकूंनी सांगितलं.

"आबा, तुम्ही तिला बघितलं? कुणासारखी होती?"

काका म्हणाले, "न्हाई बाळा. सिस्टरनं गुंडाळूनच हातात दिली. तोंड झाकलेलं व्हतं."

रोहिणी म्हणाली, "म्हणजे कुणीच नाही बघितलं तिला."

महिनाभरानं ती मारुंजीला गेली, पुढं कामावरही जायला लागली. काकांची सुई मात्र थांबली. त्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन बाळं झाली, काका गेले नाहीत. कुणी विचारलं तर डोळ्यांनी दिसत नाही म्हणायचे. आधी शिवल्याबद्दल काकू त्यांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. "बोलली असती तर बरं झालं असतं," असं काका मला एकदा जिन्यात म्हणाले होते.

दीड वर्ष असं गेलं. एका रविवारी दुपारी मी काकूंकडे विरजण मागायला गेले होते. काका जमिनीवर बसून लसूण सोलत होते. दार उघडंच होतं. रोहिणी आत आली, चप्पलसुद्धा काढली नाही.

"आबा, दिग्विजय म्हणतो तुम्ही बघितलं होतं."

आदल्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं. तू स्वतःच्या मुलीकडे बघितलंसुद्धा नाहीस, असं ती त्याला म्हणाली, आणि तो बोलून गेला की मी नाही बघितलं, पण तुझ्या आबांनी बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं.

काकांनी हातातली पाकळी ताटात ठेवली. "व्हय," म्हणाले.

"किती वेळ?"

"लई वेळ. सिस्टर म्हणली, आजोबा, चला आता. तवा उठलो."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"तू बाळंतीण व्हतीस. म्हणलं, चेहरा कळला तर जल्मभर डोळ्यापुढनं हलायचा न्हाई."

"मला तेच हवं होतं, आबा." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "डोळ्यांपुढं काहीतरी हवं होतं. मी रोज मनात एक चेहरा करते आणि रोज पुसून टाकते. समोर आली तर मी माझ्या मुलीला ओळखायचे नाही."

काकू उठल्या, तिला धरायला गेल्या. तिनं हात बाजूला केला आणि बापासमोर खाली बसली.

"आता सांगा. सगळं सांगा."

काका सांगायला लागले. केस दाट होते, काळे, कपाळाला चिकटलेले. नखं वाढलेली, कापावी लागली असती अशी. डावी मूठ मिटलेली, उजवी उघडी. पायाची बोटं लांब, काकूंसारखी. खांद्यावर बारीक लव होती. रोहिणी जागची हलत नव्हती. तिचे ओठ जरा उघडे होते आणि प्रत्येक गोष्टीला ती मान डोलवत होती, पाठ करावं तशी.

"आणि चेहरा?"

काकांनी ताटातली पाकळी पुन्हा हातात घेतली.

"नाक कसं होतं, आबा? माझ्यासारखं की दिग्विजयसारखं?"

"रोहिणी," ते म्हणाले, "तोंड मला आता आठवत न्हाई."

"असं कसं?"

"आठवाय बसलो की तूच दिसतीस. तू जल्मलीस तवाची. पहिलं आठवायचं, चांगलं आठवायचं. रोज डोळ्यापुढं यायचं. मग कवा तुझं तोंड तिथं येऊन बसलं, कळलं न्हाई. तुला सांगायचं न्हाई म्हणून कुणालाच सांगितलं न्हाई मी. न बोलता ते गेलं."

मला वाटलं होतं, ते काहीतरी सांगतील. नाक तुझ्यासारखं, हनुवटी दिग्विजयसारखी, असं काहीही. तिनं ते मानलं असतं. काकांनाही ते कळत असणार. पण दुसऱ्यांदा त्यांना खोटं बोलवलं नाही.

"तेव्हा सांगितलं असतंत तर..." रोहिणी म्हणाली, आणि पुढचं तिनं गिळलं.

"व्हय," काका म्हणाले.

ती उठली आणि गेली. काकू जिन्यापर्यंत मागं धावल्या, पण खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. काका ताटापुढं तसेच बसून होते.

त्यानंतरच्या आठवड्यात ते एकटेच बसनं त्या दवाखान्यात गेले. त्या दिवशी ड्युटीवर असलेली सिस्टर त्यांनी शोधून काढली. तेजल तिचं नाव. तिला त्यांनी विचारलं, माझ्या नातीचं तोंड तुम्हाला आठवतंय का. ती बिचारी काय सांगणार! एवढी बाळंतपणं, त्यातली अशीही काही. तिनं हात जोडले. फोटो काढून ठेवता का, असं विचारलं, तर तेही नाही. काका परत आले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, एखादवेळी तिला आठवलं असेल म्हणून. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र काही विचारायला नाही गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून चार गोधड्या नेल्या होत्या, नेहमीच्यापेक्षा लहान. कोपऱ्यात चित्र नव्हतं.

"अशी लेकरं येतात, त्यांच्यासाठी हाय," त्यांनी तेजल सिस्टरला सांगितलं. "ह्यात गुंडाळा आणि आईला इचारा, बघतीस का म्हणून. आईलाच इचारा, भाईर बसलेल्यांना नगं. न्हाई म्हणली तर तासाभरानं परत इचारा. आणि थांब म्हणली तर थांबा."

सिस्टरनं त्या कपाटात ठेवून घेतल्या. काका तशा शिवत राहिले. ते शिवायला बसले की काकू उठून स्वयंपाकघरात जायच्या. ती लहान मापं त्यांच्यानं बघवत नव्हती. काही महिन्यांनी सिस्टरचा फोन आला. तीन जणींनी बाळ बघितलं होतं. त्यातल्या एकीनं आधी नको म्हटलं आणि नंतर स्वतःच मागून घेतलं. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बघा काका, केवढं चांगलं काम झालं."

"माझ्या पोरीचं ऱ्हायलंच की, ताई," ते म्हणाले.

दिवाळीला रोहिणी आली नाही. आईशी फोनवर बोलायची, आबांची चौकशी करायची नाही. काकू फोन घेऊन मुद्दाम काकांच्या जवळ बसायच्या, निदान आवाज तरी ऐकू येईल म्हणून.

यंदा फेब्रुवारीत ती न सांगता आली. दारातूनच म्हणाली, "आबा, मला ती जागा दाखवा."

दोघं तिच्या गाडीनं गेले. पुढचं काकांनीच मला सांगितलं. त्या कोपऱ्यात करंजाचं एक झाड होतं. त्याच्यापासून सात पावलं, अशी त्यांनी मनात खूण धरली होती. झाड आता नव्हतं. भर टाकून जमीन सारखी केलेली, वर गवत वाढलेलं. काका इकडून तिकडून पावलं मोजत राहिले.

"हितं असंल," शेवटी म्हणाले. "न्हाईतर त्या तिकडं. खातरीनं न्हाई सांगता येत मला."

"बरं," रोहिणी म्हणाली. ती दोन्हींच्या मधे गवतात बसली. काकाही थोड्या अंतरावर बसले. तासाभरानं तिनं विचारलं, "दिग्विजय काय करत होता तेव्हा?"

"तो खड्ड्यात उतरला. खालचे खडे हातानं येचून काढले, माती सारखी केली. बूट काढून उतरला व्हता."

"हे मला त्यानं कधी सांगितलं नाही."

"त्याला जमलं नसंल."

रोहिणी तिथं रडली. काकांना वाटलं, जवळ जावं, डोक्यावर हात ठेवावा. गेले नाहीत. तिनं बोलावलं असतं तर गेले असते, असं मला म्हणाले. येताना तिनं त्यांना बिल्डिंगच्या गेटपाशी सोडलं. काकूंनी पिठलं-भाकरी करून ठेवली होती, दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती. रोहिणी वर आली नाही.

पण महिन्याभरानं तिचा फोन आला, आणि तो काकांच्या फोनवर आला. त्यानंतर ती अधूनमधून करते. कशी आहे, काय आहे, असलं काही नाही. एकच काहीतरी विचारते आणि ठेवून देते. अंगाला वास कसला होता? केस कुरळे होते की सरळ? काका ठाऊक असेल ते सांगतात. नसेल तर "न्हाई आठवत" म्हणतात, आणि मग दिवसभर जेवत नाहीत.

परवा संध्याकाळी मी काकूंची वाटी परत द्यायला खाली गेले तेव्हा तोच फोन चालू होता. काकांनी स्पीकर लावला होता, ऐकायला कमी येतं म्हणून. वजन किती होतं, असं रोहिणीनं विचारलं होतं.

"दोन किलो सातशे. कागदावर लिवलंय की. कागद तुझ्याकडंच हाय."

"ते मला माहीत आहे. हाताला किती लागलं, ते सांगा."

काकांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून, आणि त्यांच्याकडे बघत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पलीकडे रोहिणीनं फोन ठेवला नव्हता.

"तुझ्यापरीस जड लागली," काका म्हणाले.

मी आणलेली वाटी ओट्यावर ठेवली आणि घरी आले.